जाळीघरातला वर्ग

पूल गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, पाणी उतरलं की होईल काहीतरी. पाणी उतरलं, गाळ वाळून त्याला भेगा पडल्या, तरी मधले खांब आडवे झाले होते ते आडवेच राहिले. शाळा पलीकडच्या काठाला. अलीकडची पोरं काही दिवस काठावर उभी राहून पलीकडच्यांना वाकुल्या दाखवत होती, मग त्याचाही कंटाळा आला. शेवटी शाळेच्या बाईंचा निरोप आला, की पूल होईपर्यंत वर्ग फोनवर भरेल. आणि एकट्या त्या शाळेचा नाही, वरच्या अंगाच्या शाळेतही पाणी शिरलं होतं, तेव्हा दोन्हीकडच्या तिसरीच्या मुलांचा मिळून एकच वर्ग.

रोपवाल्याच्या घरात फोन एकच होता आणि तो रोपवाल्याच्या खिशात असायचा.

त्या हंगामात त्या फोनला उसंत नव्हती. पुरानं काठाकाठानं सगळ्यांची पिकं धुऊन नेली होती आणि जमिनीला पेरण्याजोगा वाफसा आला तसा जो तो नव्यानं लावायला रोपं मागत होता. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी. रोपवाल्याचं जाळीघर, म्हणजे बांबूंवर हिरवी जाळी ताणून केलेला लांबलचक मांडव, उंचवट्यावर होतं म्हणून वाचलं. आता तो, त्याची बायको आणि त्याची थोरली बहीण अशी तीन माणसं उजाडल्यापासून तिथं राबत होती. नारळाच्या शेंड्यांचा भुसा भिजवायचा, ट्रेच्या खणांत दाबून भरायचा, प्रत्येक खणात बोटानं खळगी करायची, एक बी टाकायचं, वरून चिमूटभर भुसा आणि झारीचं पाणी. बी टाकताना मान खाली आणि ट्रे उचलताना कंबर वाकडी. संध्याकाळी तिघंही अंगणात आली की एकेकजण दोन हात कमरेवर ठेवून हळूहळू सरळ व्हायचं, जुनं दार उघडावं तसं.

मुलगी नऊ वर्षांची. एका जागी बसायची नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. पण बी टाकायला बसली की मात्र बसायची. तिच्या बोटांतून दोन बिया कधी एका खणात पडल्या नाहीत.

"फोन सकाळचा वर्गाला द्यावा लागेल," आईनं सांगितलं.

"सकाळीच तर गिऱ्हाइकांचे फोन येतात," रोपवाला म्हणाला.

"मग गिऱ्हाइकाला सांगा दुपारी करायला."

"ते दुसऱ्याकडून घेतील रोपं."

"घेऊ दे की," आत्या मध्येच म्हणाली. "आहेत त्यांनाच रोपं पुरवताना माझे गुडघे बोलायला लागलेत. पोरगी अडाणी राहिली तर तिला गिऱ्हाईक कुठून आणशील?"

थोरल्या बहिणीपुढं रोपवाल्याचं काही चालायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच सुतळी घेतली आणि जाळीघराच्या मधल्या बांबूला फोन बांधून दिला.

वर्ग सुरू झाला आणि जाळीघराला रंग चढला. बाई पाढे म्हणायला लावायच्या आणि भिंगरीच्या मागं आत्याही म्हणायची, तिला तेराचा पाढा कधीच येत नव्हता तो आता येईल अशी तिला आशा होती. "तेरा सक?" बाईंनी विचारलं की आत्या पाठमोरी ओरडायची, "ऐंशी!" आणि चाळीसभर पोरं फोनमध्ये खिदळायची. बाईंनीही एकदा हसू दाबून सांगितलं, "मागच्या बाकावरच्या विद्यार्थिनीनं उत्तर परत तपासून पाहावं." आत्यानं झारी खाली ठेवली आणि खरोखरच बोटं मोजायला लागली.

मग एके सकाळी रोपवाला उघड्या अंगानं भुशाचं पोतं खांद्यावर घेऊन आला. फोनसमोर नेमका पाय घसरला, पोतं पडलं, त्यावर तो पडला आणि पोट वर करून उताणा झाला. फोनमधून आधी एकजण, मग सगळी पोरं ओरडायला लागली, "पोट! पोट! पोट!" बाईंनी आवाज बंद केला तोवर व्हायचं ते झालं होतं. कुणा पोराच्या मोठ्या भावानं तेवढ्यात चित्र टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ते काठाकाठानं फिरलं. पैलतीराचं एक गिऱ्हाईक ऑर्डर देताना म्हणालं, "रोपवाले, कोबी चांगला आलाय तुमचा. बघितला आम्ही, पोटावर."

रोपवाला हसला. पण हसताना त्याचे कान लाल झाले होते. घरी येऊन त्यानं भिंगरीला सांगितलं, "उद्यापासून फोन खोलीत ने. दार लावून घे. आमची कामं म्हणजे काय तमाशा आहे का?"

तेव्हापासून भिंगरी आतल्या खोलीत एकटी शिकायला लागली.

*

पहिले काही दिवस तिला मोठं झाल्यासारखं वाटलं. खोली, दार, कडी आणि फोन. वर्ग सुटला तरी फोन लगेच कुणी मागायला यायचं नाही, कारण बाहेर ट्रे भरायची घाई असायची. त्या वेळात वर्गातल्या मुलीमुली एकमेकींना चित्रं पाठवायच्या, मांजरींची, फुग्यांची. त्यांतच एक सोनपरी आली. वर्गाच्या यादीत तिचं नाव सोनपरी असंच दिसायचं, तोंड कधी दिसायचं नाही. ती म्हणाली, मी वरच्या शाळेतली, माझा कॅमेरा बिघडलाय.

सोनपरी फार गोड बोलायची. तुझं अक्षर छान आहे, तुझे केस छान आहेत. तिनं एक खेळ पाठवला, त्यात रंगीत मासे पकडायचे होते. मग विचारलं, तू खोलीत एकटी असतेस का? आईबाबा कधी घरी नसतात? मग एक फोटो मागितला. भिंगरीनं खिडकीपाशी उभं राहून निळ्या फ्रॉकमधला फोटो काढला आणि पाठवला. फ्रॉक नवा होता आणि पूल गेल्यापासून तो कुणाला दाखवताच आला नव्हता.

त्यानंतर सोनपरीचं बोलणं बदललं. उद्या दार लाव, मी फोन करते, मी सांगेन तसं करायचं. भिंगरी म्हणाली, मला नको. तेव्हा उत्तर आलं, मग तुझा फोटो सगळ्यांना पाठवते, तुझ्या बाबांचा फिरला तसा. आणि घरी सांगितलंस तर ते फोनच काढून घेतील. मग तुझी शाळा संपली.

भिंगरीनं फोन पालथा ठेवला. ते शेवटचं वाक्य मात्र तिला अगदी खरं वाटलं. बाबा फोन काढून घेतील यात काय शंका होती?

*

आईच्या लक्षात आलं ते मुलीच्या तोंडावरून नाही. तोंड बघायला त्या दिवसांत वेळच कुणाला होता? मिरचीची उगवण बघत ती ट्रेवरून हात फिरवत होती आणि एका खणात दोन रोपं दिसली. पुढच्या खणात तीन. त्याच्या पुढचा रिकामा. ट्रे भिंगरीनं पेरलेला होता.

दुपारी वर्ग आटोपल्यावर आईनं मुलीला हाक मारली. "ये गं, जोडरोपं काढायची आहेत. माझ्याच्यानं एकटीनं होणार नाही."

दोघी उलट्या ठेवलेल्या घमेल्यांवर समोरासमोर बसल्या. जोडरोप काढायचं म्हणजे एकाला बोटाच्या चिमटीत धरून ठेवायचं आणि दुसऱ्याला मुळासकट अलगद उचलायचं. जोर केला की दोन्ही जातात. जाळीतून गाळून आलेलं हिरवं ऊन दोघींच्या हातांवर हलत होतं. लांब टोकाला आत्या झारी घेऊन तेराचा पाढा पुटपुटत होती.

"चुकले मी," भिंगरी म्हणाली. "दोन दोन पडल्या."

"पडतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मूठच्या मूठ सांडायची."

थोडी रोपं निघाली. मग भिंगरीनं मान वर न करता विचारलं, "आई, कुणी शाळेबद्दल काही सांगितलं तर बाबा फोन काढून घेतील?"

आईच्या चिमटीत एक रोप होतं. ते तिनं तसंच धरून ठेवलं. "काय सांगितलं त्यावर आहे. तू सांग, मग बघू."

"आधी तू सांग."

"नाही काढून घेणार."

"शप्पथ?"

"माझ्या हातात रोप आहे. रोप हातात असताना खोटं बोलले तर उगवणार नाही."

भिंगरीनं सगळं सांगितलं. आधी माशांचा खेळ, मग निळा फ्रॉक, मग दार लावायचं, मग बाबांचा फोटो. सांगताना तिची बोटं चालूच होती, आणि आईचीही, कारण आईला कळलं होतं की आपले हात थांबले तर हिचं बोलणं थांबेल. ती एक-एक रोप उचलत राहिली.

सांगून झाल्यावर भिंगरी रडली. मातीचे हात फ्रॉकला लागू नयेत म्हणून आईनं कोपरांनीच तिला जवळ ओढलं.

"सांगितलंस ना? झालं तर मग. तुझं काम संपलं, आता आमचं सुरू."

"मी फोटो पाठवला."

"नवा फ्रॉक दाखवावासा वाटला, त्यात काय पाप आहे? पाप त्याचं, जो लहान पोरीला 'घरी सांगू नको' म्हणतो."

"ती सोनपरी आहे, आई."

"परी नाही ती, आणि 'ती' तरी कशावरून?" आई म्हणाली. "खऱ्या मैत्रिणीला तोंड असतं."

*

रोपवाल्याला सांगितलं तेव्हा तो पाण्याच्या टाकीवर उभा राहून नळी जोडत होता. ऐकता ऐकता खाली उतरला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग काळवंडला. त्यानं खिशातून फोन काढला आणि दगडावर आपटायला हात उगारला.

"बास झाली ती शाळा! कुणी सांगितलं होतं पोरीच्या हातात फोन द्यायला?"

भिंगरी आईच्या मागं सरकली. आईकडं तिनं असं बघितलं, की रोप हातात असतानाच तू खोटं बोललीस.

"अहो, थांबा," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण नवऱ्याच्या आणि दगडाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "चोर घरात डोकावला म्हणून आपण घर पाडणार का?"

"मग काय करू? आरती ओवाळू त्याची?"

"मी तिला शब्द दिलाय. फोन जाणार नाही म्हणून. आता तुम्ही फोडलात तर पुढच्या वेळी काय झालं ते आपल्याला कोण सांगेल? ही तर नाही सांगणार."

रोपवाल्याचा हात वरच राहिला. आत्या झारी घेऊन आली होती. तिनं भावाच्या उगारलेल्या हातातून फोन काढून घेतला, जसा लहानपणी दगड काढून घेतला असता. "हात खाली घे, दुखेल. आणि दार लावून बसायला तिला कुणी सांगितलं होतं रे?"

रोपवाला टाकीच्या कडेवर बसला. नळीतून पाणी वाहून त्याच्या पायांखाली चिखल होत होता, पण त्याला भान नव्हतं. मग त्यानं मुलीला जवळ बोलावलं. "भिंगरे, तुला फार भीती वाटली का गं?"

"हो," ती म्हणाली. "पण त्याची कमी. तुमची जास्त."

रोपवाल्यानं तोंडावरून ओला हात फिरवला. "सदरा आणा माझा," तो म्हणाला. "पलीकडं जायचंय."

*

नावेतून भिंगरी, आई आणि रोपवाला पलीकडं गेली. बाई काठावरच वाट बघत होत्या. आईनं त्यांना फोन करून थोडक्यात सांगितलं होतं. बाई आल्या आणि काही न विचारता भिंगरीचा हात हातात घेऊन चालायला लागल्या. त्या फोनवर केवढ्या मोठ्या वाटायच्या, आणि इथं आईच्या खांद्याला लागत होत्या. भिंगरीला त्याही स्थितीत हसू आलं.

पोलीस ठाण्यात टेबलाशी एक हवालदार बसला होता. त्यानं निम्मं ऐकलं, पेन कानावर ठेवलं आणि म्हणाला, "एवढ्याशा पोरीच्या हातात फोन देताच कशाला? आधी द्यायचा आणि मग रडत यायचं."

रोपवाल्याच्या अंगावर कुणी गार पाणी ओतावं तसं झालं. मघाचे त्याचेच शब्द होते. स्वतःच्या तोंडी ते बरोबर वाटले होते, आता मुलीला बाजूला उभी करून ऐकले तेव्हा कळलं ते कुठं लागतात. त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. नखांत भुसा होता.

"साहेब, पूल वाहून गेला. शाळा फोनवर आहे. पोरगी फोन घेऊन शाळेत बसली होती. शाळेच्या वाटेवर कुणी तिला अडवलं असतं तर तुम्ही म्हणाला असता का, पोरीला पाय दिलेच कशाला?"

हवालदाराचं पेन कानावरून खाली पडलं. आतल्या खोलीतून फौजदारबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. "आत या," त्या म्हणाल्या. "आणि पहिलं सांगा, काही पुसून टाकलंत का?"

"फोनच फोडणार होतो," रोपवाला म्हणाला. "पण फोन आमच्या ताईनं काढून घेतला."

"ताईंचे आभार माना. एक अक्षर पुसायचं नाही. उत्तरही द्यायचं नाही."

फौजदारबाईंनी खुर्ची भिंगरीच्या शेजारी ओढली आणि तिच्याशी बोलल्या, आईबापाशी नंतर. सोनपरी कधी आली, काय म्हणाली, खेळ कोणता. भिंगरी आधी अडखळत सांगत होती, मग माशांच्या खेळात कितव्या पायरीपर्यंत पोचली तेही सांगून गेली. "अरे वा," फौजदारबाई म्हणाल्या, "मी तिसरीवरच मरते." मग त्यांनी फोन खालपासून वरपर्यंत बघितला आणि एका ठिकाणी थांबल्या.

"रोपवाले, हा 'ताजी रोपं' नावाचा गट तुमचा?"

"हो. गिऱ्हाइकांचा."

"यात सगळ्यांना ओळखता?"

"कसं ओळखणार? रोपाची चौकशी केली की घेतो गटात."

"यात तुम्ही शाळेच्या वर्गाची लिंक टाकली आहे. टोमॅटोच्या फोटोखाली."

रोपवाल्यानं वाकून बघितलं. खरंच होतं. चिखलाच्या अंगठ्यानं भाव चिकटवायला गेला होता आणि सकाळची लिंक चिकटली होती. खाली एकानं विचारलंही होतं, हे काय आहे? त्यानं उत्तर दिलं होतं, उत्तम उगवण.

बाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे वर्गाचं दारच उघडं राहिलं. आणि मीही आत कोण येतंय ते नीट बघितलं नाही. यादीत तोंड न दाखवणारं नाव दिसलं, तरी म्हटलं असेल कुणीतरी."

ती तिघं नावेतून परतत होती. नावाडी वल्हं मारत होता, पाणी संध्याकाळचं तांबूस झालं होतं. अर्ध्या नदीत आल्यावर रोपवाला मुलीकडं न बघता म्हणाला, "भिंगरे, चूक माझी होती. तो माणूस माझ्या हातून आत आला."

भिंगरीनं जरा विचार केला. "तुम्ही सांगितलंत ना?" ती म्हणाली. "मग झालं तर."

आई दुसरीकडं तोंड करून पाणी बघायला लागली. रोपवाल्यानं नाक ओढलं. नावाडी म्हणाला, "वारा फार आहे आज." वारा मुळीच नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी फोन परत जाळीघरातल्या बांबूला आला. या वेळी रोपवाल्यानं तो बी टाकायच्या बाकासमोर, सगळ्यांना दिसेल असा बांधला, आणि स्वतः गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला सदरा घालून भुसा भिजवायला बसला. घामानं भिजून चिंब झाला, पण एक गुंडी सोडली नाही.

बाईंनी नवी लिंक दिली होती आणि दारातच एकेकाला तोंड दाखवायला लावून आत घेत होत्या. प्रत्येकाच्या घरचं एक मोठं माणूसही बोलावलं होतं. फोनच्या चौकटींत मुलांच्या मागं आज कुणाचे आजोबा, कुणाची काकू, कुणाचा हात पीठमाखला, कुणाचा ग्रीसनं काळा. सगळे आपापलं काम सोडून, केस सारखे करत बसलेले.

बाई म्हणाल्या, "आपल्या वर्गात एक खोटं माणूस शिरलं होतं. आपल्यातल्या एका मुलीनं घरी सांगितलं म्हणून आपल्याला कळलं. ती कोण, ते मी सांगणार नाही."

भिंगरीचे हात ट्रेवर होते. तिनं आईकडं बघितलं. आईनं मानेनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भिंगरी फोनसमोर जाऊन उभी राहिली.

"मी होते ती," ती म्हणाली. "सोनपरी म्हणाली, घरी सांगितलंस तर शाळा संपेल. पण मी सांगितलं आणि शाळा संपली नाही. मी ही काय, शाळेतच आहे."

मग वरच्या शाळेतली एक मुलगी, गालाला खळी पडते म्हणून सगळे जिला खळी म्हणत, तिनं हात वर केला. हात अगदी खालून, हनुवटीपर्यंतच आला. "मलापण," ती म्हणाली. तिच्या मागची बाई दचकून पुढं वाकली आणि मुलीच्या डोक्यावर तोंड टेकून बसली. मग अजून एक हात आला. तो एका मुलाचा होता, आणि तोच तो, "पोट! पोट!" सगळ्यांत आधी ओरडणारा.

बाईंनी लगेच धडा काढला नाही. विचारलं, "मग आता आपण काय करायचं? तुम्हीच सांगा."

"कुणी 'आईला सांगू नको' म्हटलं, की लगेच आईला सांगायचं," एकजण म्हणाला.

"आई कामाला गेली असली तर?"

"बाबांना."

"बाबा झोपले असले तर?"

"उठवायचं."

"आमचे बाबा उठवल्यावर फार ओरडतात," एक बारीक आवाज आला.

त्या चौकटीत मागं बसलेला माणूस एकदम ताठ झाला. "नाही ओरडणार! खुशाल उठव!" आणि सगळा वर्ग, पीठमाखले आणि ग्रीसमाखले सगळे, असे हसले की बांबूवरचा फोन हलला.

"आणि तोंड नसलेल्याशी बोलायचं नाही," भिंगरी म्हणाली.

"आणि एकट्यानं दार लावून बसायचं नाही," खळी म्हणाली.

"आणि कुणी पडलं तर त्याचा फोटो काढायचा नाही," पोट ओरडणारा मुलगा म्हणाला. मग जरा थांबून, "काका, सॉरी."

रोपवाल्यानं भुशातून हात वर करून हलवला. तो काही म्हणणार होता, पण आत्याच मोठ्यानं म्हणाली, "आणि तेरा सक अठ्ठ्याहत्तर!"

टाळ्या पडल्या. खऱ्याखुऱ्या, चाळीस घरांतून.

त्या दिवसापासून अलीकडच्या काठावर शाळेची वेळ सगळ्यांना पाठ झाली. त्या वेळी गिऱ्हाइकाचा फोन आलाच तर भिंगरी सांगायची, "वर्ग चालू आहे, दुपारी करा," आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं दुपारी करायचं. शेजारच्या वस्तीवरच्या ज्या मुलांकडं फोनच नव्हता तीही येऊन बाकाशी बसायला लागली. आत्या त्यांच्या हातात एकेक ट्रे द्यायची, की नुसतं बसू नका, कानानं शिका आणि हातानं पेरा. कोबी इतका वाकडातिकडा कधी पेरला गेला नव्हता. कुणी तक्रार केली नाही.

काही आठवड्यांनी फौजदारबाईंचा फोन आला, तोही नेमका वर्ग सुटता सुटता. माणूस सापडला होता. दूरच्या शहरातला, चांगला पिकल्या केसांचा. असाच बऱ्याच वर्गांत शिरलेला. "तुमच्या मुलीनं काही पुसलं नाही आणि सगळं नीट सांगितलं, म्हणून धागा मिळाला," त्या म्हणाल्या. "तिला फोन द्या." भिंगरीनं फोन कानाला लावला, ऐकलं, आणि फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही पाचव्या पायरीवर गेलात का?"

*

पायी जायचा लोखंडी पूल टोमॅटोच्या फुलांच्या सुमाराला तयार झाला. उघडायच्या सकाळी कुणी बोलावलं नसताना दोन्ही काठांवर माणसं जमली. अलीकडून भिंगरी निघाली, निळ्या फ्रॉकमध्ये, जो आता गुडघ्याच्या वर गेला होता. मागं आई, तिच्यामागं आत्या, आणि शेवटी रोपवाला, शाळेच्या अंगणात लावायला दोन्ही हातांत मिरचीचे ट्रे घेऊन.

पलीकडून वरच्या शाळेची मुलं त्यांना भेटायला पुलावर येत होती. त्यांची शाळा अजून ओलीच होती, म्हणून तीही आता पलीकडच्याच शाळेत बसणार होती. मध्यावर दोन्ही घोळके थांबले. मुलं एकमेकांकडं बघत राहिली. एवढे दिवस रोज बघितलेली तोंडं, पण त्यांना हातपाय असतील हे जणू कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

समोर खळी उभी होती. ती भिंगरीपेक्षा वीतभर उंच निघाली आणि पायांत तिच्या भावाचे बूट होते.

"तू एवढी बुटकी?" खळी म्हणाली.

"आणि तू एवढी लांब?" भिंगरी म्हणाली.

मग दोघी लाजल्या. फोनवर अखंड बडबडणाऱ्या दोघींना बोलायला काही सुचेना. खळीच्या आईनं पुढं होऊन भिंगरीच्या आईचे दोन्ही हात धरले. खाली पाणी वाहत होतं आणि वरती सगळा पूल अडला होता.

"अगं, चला की पुढं!" मागून रोपवाला ओरडला. "माझे हात गळायला आलेत!"

तेवढ्यात खळीनं बोट पुढं केलं आणि भिंगरीच्या गालाला लावून पाहिलं. "खरी आहेस," ती म्हणाली.

भिंगरीनंही तिच्या खळीत बोट घातलं. "तूपण."

आणि दोघी एकदम बोलायला लागल्या, एकमेकींचं काहीच न ऐकता, हात धरून, शाळेच्या दिशेनं पळत. लोखंडी पूल त्यांच्या पावलांखाली ढणढण वाजत राहिला.